संवेग दिला आहे, वेग काढा

नववीच्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न एका गुणाला येतो. अकरावीत तोच तीन गुणांना येतो, आणि प्रवेश परीक्षेत चार पर्यायांच्या आड दडून बसतो. गाभा सगळीकडे एकच: संवेग माहीत आहे, वस्तुमान माहीत आहे, तर वेग किती? संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, तेव्हा वेग म्हणजे संवेग भागिले वस्तुमान. पाचवीतल्या पोराला जमेल असा भागाकार. तरीही इतकी वर्षं वह्या तपासताना माझ्या लाल पेनाची शाई सर्वांत जास्त याच भागाकारावर खर्च झाली आहे. मुलांना भागता येतं. कशाला कशाने भागायचं, तिथे घोटाळा होतो.

म्हणून माझा सल्ला पहिल्यांदाच सांगून टाकतो. असं गणित दिसलं की आकड्यांना हात लावण्याआधी कोपऱ्यात एक ओळ लिहायची: हा संवेग कोणाचा, आणि कोणत्या क्षणीचा? या ओळीचं उत्तर मिळालं की भाजक आपोआप सापडतो. पुढचं सगळं या एका ओळीचाच विस्तार आहे.

आधी सोपं उदाहरण हातावेगळं करू. क्रिकेटच्या चामडी चेंडूचं वस्तुमान नियमाप्रमाणे १५६ ते १६३ ग्रॅम असतं. आपण १६० धरू. गोलंदाजाच्या हातून सुटताना त्याचा संवेग ४.८ किग्रॅ·मी/से आहे. वेग किती?

४.८ ÷ ०.१६ = ३० मी/से

३.६ ने गुणलं की ताशी १०८ किलोमीटर. मध्यमगती गोलंदाज म्हणायला हरकत नाही. आता जो १६० ग्रॅमचे किलोग्रॅम करायला विसरतो त्याचं उत्तर बघा: ४.८ ÷ १६० = ०.०३ मी/से. म्हणजे सेकंदाला तीन सेंटिमीटर. रांगणारं बाळसुद्धा या चेंडूला मागे टाकेल. दरवर्षी वर्गात दोन-तीन वह्यांमध्ये हे उत्तर दुहेरी अधोरेखित करून लिहिलेलं असतं. उत्तर आलं की ते डोळ्यांसमोर आणून बघायचं, ही सवय कोणत्याही सूत्रापेक्षा जास्त गुण मिळवून देते.

एककाचंच आणखी एक. काही गणितांत संवेग ‘न्यूटन-सेकंद’ या एककात दिलेला असतो आणि मुलं बिचकतात. घाबरू नका. न्यूटन म्हणजेच किग्रॅ·मी/से², त्याला सेकंदाने गुणलं की किग्रॅ·मी/से उरतं. नाव वेगळं, माणूस तोच.

बदल म्हणजे संवेग नव्हे

आता तोच चेंडू फलंदाजापर्यंत आणू. तो ३० मी/से वेगाने येतो. बॅटने त्याला उलट दिशेने ८ न्यूटन-सेकंद इतका आवेग दिला. बॅटवरून सुटताना चेंडूचा वेग किती?

बहुतेक मुलं लगेच लिहितात: ८ ÷ ०.१६ = ५० मी/से. ताशी १८० किलोमीटर. गंमत अशी की हे उत्तर डोळ्यांना खटकत नाही. जोरकस फटका आहे, असेल वेग. म्हणून ही चूक ग्रॅमच्या चुकीपेक्षा वाईट. ती स्वतःची चाहूल देत नाही.

कोपऱ्यातली ओळ लिहा. हे ८ कोणाचे? आवेग म्हणजे संवेगातला बदल, तेव्हा चेंडूच्या संवेगात जो बदल झाला, त्याचे. चेंडूकडे आधीपासून संवेग होता, तोही विरुद्ध दिशेचा. बॅटला आधी तो खोडायचा आहे आणि उरलेल्या शिल्लकीतून चेंडू परत पाठवायचा आहे. गोलंदाजाकडे जाणारी दिशा धन मानली, तर येणाऱ्या चेंडूचा संवेग उणे ४.८. त्यात ८ मिळवले की ३.२. आणि

३.२ ÷ ०.१६ = २० मी/से

ताशी ७२. आपण धरलेल्या ५० मधले ३० तर चेंडू थांबवण्यातच खर्ची पडले. चेंडू स्थिर असता, समजा सरावाला ठेवलेल्या दांडीवरून टोलवला असता, तर मात्र ५० हे उत्तर बरोबर होतं. सूत्र तेच, भागाकार तोच. फक्त आधी काय होतं ते विचारायचं राहून गेलं.

इथेच चिन्हाची गोष्ट सांगतो. ‘वेग काढा’ आणि ‘चाल काढा’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वेगाला दिशा असते, चालीला नसते. वेगाचं उत्तर उणे आलं तर ते तसंच ठेवा आणि शेजारी दिशा लिहा: ‘सुरुवातीच्या दिशेच्या विरुद्ध’. चाल विचारली असेल तर उणे चिन्ह काढून टाका. उणे उत्तर आलं म्हणजे काहीतरी बिघडलं असं समजून मुलं मागे जातात आणि बरोबर पायऱ्या खोडतात. खोडू नका.

चौकातली टक्कर

दिशेचा खरा हिसका दोन मितींमध्ये बसतो. एका चौकात ८०० किलोग्रॅमची कार पूर्वेकडे १५ मी/से वेगाने येते. २००० किलोग्रॅमचा टेम्पो उत्तरेकडे ८ मी/से वेगाने. धडकतात आणि एकमेकांत अडकून पुढे फरपटत जातात. धडकेनंतर लगेच दोघांची मिळून चाल किती?

कारचा संवेग १२,००० पूर्वेकडे. टेम्पोचा १६,००० उत्तरेकडे. यांची बेरीज २८,००० करणारे पुष्कळ असतात. त्यांना २८०० ने भागून नेमकं १० मी/से मिळतं, आणि उत्तर इतकं गोल आलं म्हणजे बरोबरच असणार, असा त्यांचा ठाम विश्वास बसतो. पण पूर्वेकडची बारा पावलं आणि उत्तरेकडची सोळा पावलं चालून आपण घरापासून अठ्ठावीस पावलांवर पोहोचत नाही. काटकोन आहे, तेव्हा पायथागोरस:

√(१२,०००² + १६,०००²) = २०,००० किग्रॅ·मी/से

आणि भाजक? धडकेनंतर संवेग दोघांचा मिळून आहे, म्हणून वस्तुमानही दोघांचं मिळून, २८०० किलोग्रॅम.

२०,००० ÷ २८०० = ७.१ मी/से, साधारण ताशी २६ किलोमीटर

दिशा पूर्वेपासून उत्तरेकडे ५३ अंश. कॅल्क्युलेटरवर ७.१४२८५७१४ दिसेल, तो आख्खा आकडा उतरवून काढू नका. दिलेल्या आकड्यांना दोन-तीन अंकांची अचूकता असेल तर उत्तरालाही तेवढीच. अपघाताच्या तपासात हेच गणित उलट्या दिशेने करतात. रस्त्यावरच्या घसटीच्या खुणांवरून धडकेनंतरची चाल काढायची, तिला एकूण वस्तुमानाने गुणून संवेग मिळवायचा, त्याची पूर्वेची आणि उत्तरेची वाटणी करायची, आणि मग प्रत्येक वाटा ज्याच्या त्याच्या वस्तुमानाने भागायचा. ‘मी तर हळू चालवत होतो’ हे वाक्य या भागाकारापुढे फार वेळ टिकत नाही.

वाळूची वाघीण

आता माझं आवडतं गणित. रुळावरून १०,००० किलोग्रॅमची एक उघडी वाघीण ६ मी/से वेगाने आपली आपण घरंगळते आहे. इंजिन नाही, घर्षण नाही असं धरू. वरून सरळ खाली २००० किलोग्रॅम वाळू तिच्यात पडते. आता वेग किती?

वाळू सरळ खाली पडली, म्हणजे तिच्याकडे आडवा संवेग नव्हता. एकूण आडवा संवेग आधीचाच, ६०,०००. पण तो आता १२,००० किलोग्रॅमचा आहे. उत्तर ५ मी/से. हे बहुतेकांना जमतं.

मग मी फळ्यावर दुसरा भाग लिहितो. या भरल्या वाघिणीच्या तळाला भोक पडलं आणि सगळी वाळू हळूहळू रुळांमध्ये गळून गेली. आता वेग किती? वर्ग एका सुरात म्हणतो, ‘सहा!’ वजन वाढलं तेव्हा वेग कमी झाला, तर वजन घटल्यावर तो पुन्हा वाढायलाच हवा. ६०,००० ÷ १०,००० = ६. सगळं कसं जागच्या जागी.

उत्तर आहे पाच. वेग बदलतच नाही.

कोपऱ्यातली ओळ पुन्हा लिहा: हे ६०,००० कोणाचे? वाघीण आणि वाळू, दोघांचे मिळून. गळणारा प्रत्येक कण खाली पडताना वाघिणीइतक्याच वेगाने पुढेही जात असतो. तो गेला म्हणजे आपल्या वाट्याचा संवेग खिशात घालून गेला. २००० किलोग्रॅम वाळूने २००० × ५ = १०,००० नेले. वाघिणीकडे राहिले ५०,०००, आणि तिचं वस्तुमान १०,०००. भागाकार पाच. वाळू वाघिणीत पडली तेव्हा वाघिणीला तिला ओढून आपल्या वेगाला आणावं लागलं. बाहेर पडताना मात्र कोणी कोणाला ढकललं नाही. धावत्या बसमधून एखाद्याने हातातलं शेंगांचं टरफल नुसतं सोडून दिलं तर बस वेगात येत नाही, तसंच हे.

एवढं समजावूनही मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो: ‘पण सर, रॉकेट तर वायू सोडूनच वेग घेतं ना?’ चांगला प्रश्न आहे. रॉकेट वायू नुसता सोडत नाही, मागे जोराने फेकतं. वाघिणीतल्या माणसाने फावड्याने वाळू मागे भिरकावली असती, तर वाघिणीचाही वेग वाढला असता.

बंदुकीची गोळी आणि लाकडाचा ठोकळा

संवेगावरून वेग काढण्याची गरज पुस्तकाबाहेर कुणाला पडली असेल, तर ती तोफखान्याला. अठराव्या शतकात बंदुकीच्या गोळीचा वेग मोजायचा कसा? डोळ्याला ती दिसत नाही, आणि सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं घड्याळ कुणाकडे नव्हतं. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली तोफशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात यावरचा तोडगा छापला. जड ठोकळा लंबकासारखा टांगायचा, त्यात गोळी झाडायची, गोळी आत रुतते, ठोकळा झोका घेतो. झोका किती गेला ते ठोकळ्याला लावलेल्या फितीवरून मोजायचं. गोळी वेगवान आणि हलकी, ठोकळा जड आणि संथ. संवेग मात्र एकच. न दिसणारा वेग त्याने दिसणाऱ्या वेगात आणला. गोळ्या ध्वनीपेक्षाही वेगाने जातात आणि हवा त्यांना तोफखानेवाल्यांच्या समजुतीपेक्षा कितीतरी जास्त अडवते, हे यातून पुढे आलं. थोर गणिती ऑयलर यांनी १७४५ मध्ये या पुस्तकाचं जर्मन भाषांतर स्वतःच्या टिपांसह काढलं. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर म्हणून किल्ल्यांच्या डागडुजीसाठी आपल्याकडे आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

गणित करून बघू. गोळी १० ग्रॅमची. ठोकळा १.९९ किलोग्रॅमचा, म्हणजे गोळी रुतल्यावर एकूण २ किलोग्रॅम. ठोकळा २० सेंटिमीटर वर चढला. गुरुत्व त्वरण १० मी/से² धरू. गोळीचा वेग?

मी अकरावीत असताना हे गणित असं सोडवलं होतं: गोळीची गतिज ऊर्जा शेवटी ठोकळ्याच्या स्थितिज ऊर्जेत गेली. २ × १० × ०.२ = ४ ज्यूल. अर्धा × ०.०१ × वेगाचा वर्ग = ४. वेग २८ मी/से. सुबक मांडणी, स्वच्छ अक्षर, आणि शून्य गुण. सरांनी शेजारी एकच वाक्य लिहिलं होतं: ‘ही गोळी की गोफणगुंडा?’ तेव्हा राग आला होता. आता वाटतं, यापेक्षा नेमका शेरा मला पुढे कुणी दिला नाही.

चूक अशी की गोळी लाकडात घुसताना ऊर्जा टिकत नाही. लाकूड फाटतं, तापतं, आवाज होतो. टिकतो तो संवेग. म्हणून गणिताचे दोन तुकडे करायचे आणि शेवटाकडून मागे यायचं. झोका घेताना ऊर्जा टिकते: ठोकळा २० सेंटिमीटर चढायचा तर सुरुवातीचा वेग √(२ × १० × ०.२) = २ मी/से. त्या क्षणी दोघांचा मिळून संवेग २ × २ = ४ किग्रॅ·मी/से. हाच संवेग धडकेच्या क्षणभर आधी एकट्या गोळीकडे होता. आता भाजक बदला:

४ ÷ ०.०१ = ४०० मी/से

२८ कुठे आणि ४०० कुठे! गोळीकडे अर्धा × ०.०१ × ४००², म्हणजे ८०० ज्यूल होते. ठोकळ्याने झोक्यासाठी वापरले चार. उरलेले ७९६ लाकडात जिरले. ऊर्जेचा हिशेब लावणारा या ७९६ ज्यूलना विसरतो. संवेगाच्या हिशेबात अशी गळती नाही, म्हणून तर रॉबिन्सचा लंबक चालला.

हा एक नियम मनाशी पक्का करा: वस्तू एकमेकींना चिकटल्या, रुतल्या, अडकल्या असं वाक्य गणितात आलं की धडकेपुरती ऊर्जा बाजूला ठेवायची.

वस्तुमानच दिलं नसेल तर

कधी प्रश्नकर्ता खोडी काढतो. संवेग १२ किग्रॅ·मी/से, गतिज ऊर्जा ३६ ज्यूल, वेग काढा. वस्तुमान गायब. मुलं गणित अपुरं आहे म्हणून सोडून देतात. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा × वस्तुमान × वेगाचा वर्ग. त्यातले वस्तुमान × वेग म्हणजे संवेगच. म्हणजे गतिज ऊर्जा = अर्धा × संवेग × वेग. मग वेग = दुप्पट गतिज ऊर्जा ÷ संवेग = ७२ ÷ १२ = ६ मी/से. हवं तर वस्तुमानही काढा, २ किलोग्रॅम. दोन ओळींचं काम.

कॅरममध्ये उलटी अडचण येते. स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची. आपण पाच धरू. स्ट्रायकर २ मी/से वेगाने सोंगटीवर समोरासमोर आदळला. एकूण संवेग माहीत आहे, पण तो दोघांत कसा वाटला गेला ते माहीत नाही. अज्ञात दोन, समीकरण एक. नुसत्या संवेगावर वेग सांगताच येत नाही. आणखी एक माहिती लागते: टक्कर पूर्ण स्थितिस्थापक असेल, तर ज्या वेगाने दोघं जवळ आले त्याच वेगाने ते एकमेकांपासून लांब जातात. म्हणजे सोंगटी स्ट्रायकरपेक्षा २ मी/से जास्त वेगाने जाणार. मांडून बघा: सोंगटी ३, स्ट्रायकर १. ताळा घ्या: आधी १५ × २ = ३०, नंतर १५ × १ + ५ × ३ = ३०. सोंगटीचा वेग स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपट! खऱ्या बोर्डावर टक्कर इतकी आदर्श नसते, त्यामुळे थोडा कमी येईल, पण सोंगटी सुसाटते ते कॅरम खेळणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

भागाकार जिथे चालत नाही

बारावीच्या पुढे जाणाऱ्यांसाठी एक इशारा. संवेग भागिले वस्तुमान करून येणारं उत्तर प्रकाशाच्या वेगाच्या एक-दशांशाच्या पुढे गेलं, की थांबा. तोवर चूक अर्ध्या टक्क्याच्या आत असते. पुढे ती झपाट्याने वाढते. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षता सिद्धांताप्रमाणे सूत्र असं होतं:

वेग = संवेग ÷ √[वस्तुमान² + (संवेग ÷ प्रकाशवेग)²]

एखाद्या इलेक्ट्रॉनचा संवेग नेमका त्याचं वस्तुमान गुणिले प्रकाशवेग इतका आहे असं समजा. साधा भागाकार सांगेल, इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने जातो. तसं होऊ शकत नाही. वरच्या सूत्रात भाजकाच्या वर्गमुळात दोन सारख्या रकमा येतात आणि उत्तर मिळतं प्रकाशवेग ÷ √२, म्हणजे त्याच्या ७१ टक्के. आता याच सूत्रात वस्तुमान शून्य टाका. संवेग संवेगाला कापतो आणि उरतो प्रकाशवेग. वस्तुमान नसलेल्या फोटॉनला संवेग असतो आणि तो प्रकाशाच्या वेगानेच जातो, हे सूत्र न विचारता सांगून टाकतं. मला हे दरवेळी नव्याने आवडतं.

लघुग्रहाला दिलेला धक्का

पुन्हा साध्या भागाकाराकडे येऊ, कारण अलीकडचं सर्वांत भव्य उदाहरण त्याचंच आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट हे यान डायमॉर्फस नावाच्या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं गेलं. पृथ्वीवर एखादा लघुग्रह चालून आलाच तर त्याला ढकलता येईल का, याची ही रंगीत तालीम होती. यान सुमारे ५७० किलोग्रॅमचं, वेग सेकंदाला सुमारे ६.१ किलोमीटर. संवेग साधारण ३५ लाख किग्रॅ·मी/से. दीडेकशे मीटर रुंदीच्या डायमॉर्फसचं वस्तुमान सुमारे ४३० कोटी किलोग्रॅम धरतात. त्याच्यापुढे यानाचं वस्तुमान नगण्य. तेव्हा वेगातला बदल:

३५,००,००० ÷ ४,३०,००,००,००० = ०.०००८ मी/से

सेकंदाला एक मिलिमीटरही नाही. प्रत्यक्षात निरीक्षणांवरून बदल निघाला सेकंदाला सुमारे २.७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या उत्तराच्या तिपटीहून जास्त. डायमॉर्फस डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. ती फेरी सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली.

आपला भागाकार चुकला का? कोपऱ्यातली ओळ लिहा. आपण फक्त यानाचा संवेग धरला. धडकेने लघुग्रहावरची माती आणि दगड उडाले, आणि ते यान आलं त्याच दिशेला, मागे, भिरकावले गेले. मघाच्या वाघिणीतून कुणीतरी फावड्याने वाळू मागे फेकली म्हणा ना. मागे गेलेल्या दगडमातीच्या संवेगाइतकाच जास्तीचा संवेग लघुग्रहाला पुढे मिळाला.

आणि तो नेमका किती जास्त, हे पक्कं सांगायचं तर भाजक पक्का हवा. ४३० कोटी किलोग्रॅम हा अंदाज आहे: आकारमान छायाचित्रांवरून काढलं आणि घनता शेजारच्या डिडिमॉससारखीच असेल असं धरलं. युरोपीय अवकाश संस्थेचं हेरा हे यान ७ ऑक्टोबर २०२४ ला निघालं आहे. २०२६ च्या अखेरीस तिथे पोहोचायचं, असं त्याचं नियोजन आहे. त्याच्या कामांपैकी एक म्हणजे डायमॉर्फसचं वस्तुमान मोजणं.